वायपरच्या पाण्याची टाकी गळतेय : बदलायची की दुरुस्त करायची?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. घरात २००८ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिन ठणठणीत, पत्रा बरा, विकायचा विचार नाही. ताम्हिणीने माणगावला जाणं-येणं चालू असतं, त्यामुळे पावसाळ्यात काचेवर पाणी मारायची सोय नसली की हाल होतात. पुढचा ट्रक चिखलाचा फवारा उडवतो, वायपर फिरवला की सगळं काचेवर सारवल्यासारखं पसरतं आणि वळणावर समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही.

तर झालंय असं, की टाकी तोंडापर्यंत भरली तरी रात्रीत बरीचशी रिकामी होते. सकाळी डाव्या पुढच्या चाकाजवळ फरशी ओली. पाण्याची मोटर चालतेय, आवाज येतो. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून वरूनच निकाल दिला, "अख्खी बॉटल बदला, मोटरसकट. आणि ह्या मॉडेलची आता पटकन मिळत नाही, शोधावी लागेल." टाकी बॉनेटखाली धड दिसतही नाही. भरायचं तोंड तेवढं वर, बाकी सगळी बंपर आणि चाकाच्या मधल्या पोकळीत लपलेली.

घरी काही करता येईल का? पाने आहेत, जॅक आहे, सोल्डरिंग गन आहे. हात थोडाफार चालतो.

शंकासुर

एसीचं पाणी नाही ना? आमच्या सोसायटीत दर उन्हाळ्यात कोणीतरी "गाडी गळतेय" म्हणून घाबरतं आणि ते एसीचं पाणी निघतं.

घाटमाथा

एसी लावला नव्हता. शिवाय एसीचं पाणी असतं तर टाकी कशाला रिकामी झाली असती?

शंकासुर

बरोबर. मग रुमाल टाकून बसतो, माझ्याही गाडीचा प्रश्न आहे, पण आधी तुमचं होऊ द्या.

नट_बोल्ट

गॅरेजवाल्याचा राग नाही, त्याला तुमची टाकी खोलून बघण्यात अर्धा दिवस घालवणं परवडत नाही. बदलून दिली की तो मोकळा. पण जुन्या गाडीत ह्या गळतीचं कारण बहुतेक वेळा टाकी नसतेच, मोटरभोवतीचं रबर असतं. म्हणून आधी गळती कुठे आहे ते शोधा, मग खिशात हात घाला.

पहिला प्रश्न. पाणी गाडी नुसती उभी असताना जातं की खटका ओढल्यावर? खटका ओढल्यावरच सांडत असेल तर टाकी निर्दोष. मोटरपासून काचेपर्यंत जाणारी नळी कुठेतरी फाटलीय, टी-जोड सुटलाय, नाहीतर उंदराने कुरतडलीय. (ही थट्टा नाही. पार्किंगमधल्या गाडीत ह्या मऊ नळ्या आणि वायरी ही उंदरांची आवडती जागा.) नोझल टाकीच्या वर असतं, त्यामुळे मोटर बंद असताना पाणी आपण होऊन वर चढून सांडत नाही. तुमची गाडी उभ्या उभ्या गळते, म्हणजे दोष टाकीत, मोटरच्या रबरात किंवा भरायच्या नळीच्या सांध्यात.

आता दुसरा प्रश्न, आणि हाच खरा. पाणी कुठपर्यंत उतरून थांबतं? टाकी काठोकाठ भरा, सकाळी आत काडी घालून पातळी बघा. पाणी खाली खाली जातं आणि थांबतं ती उंची म्हणजे छिद्राची उंची. वरचंच थोडं पाणी गेलं तर भरायची लांब नळी टाकीला जिथे बसते तिथलं रबर गेलंय. मधे कुठे थांबलं तर तडा. पार तळाशी गेलं तर मोटरचं रबर, कारण मोटर तळालगत बसवलेली असते. काडी पोचत नसेल तर मोजून पाणी ओता आणि मोजून काढा, तेही चालतं.

खाली कोरडा पुठ्ठा पसरा. ओल नेमकी कुठून सुरू होते ते फरशीपेक्षा पुठ्ठ्यावर स्वच्छ कळतं. पाण्यात खायच्या रंगाचे दोन थेंब टाकले तर आणखी सोपं, पण पांढऱ्या गाडीवर जपून.

सांगलीकर

एवढं शास्त्र कशाला भाऊ. हार्डवेअरच्या दुकानातनं त्या दोन कांड्यांची पुट्टी आणायची, मळायची, थापायची. ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडं ट्रॅक्टरमागनं निम्मा जिल्हा धूळ खात असतो, वॉशरशिवाय गाडी चालतच नाही. बाहेरून पुट्टी, वरून टेप, काम तमाम.

पॉलिमरकाका

सांगलीकर, आमची उभी नोकरी प्लॅस्टिकच्या साच्यांवर गेली म्हणून बोलतो, रागावू नका. पुट्टी ह्या टाकीला धरत नाही. थापल्यावर दगडासारखी होते, दिसायलाही भक्कम दिसते, आणि काही दिवसांनी खड्ड्यात गाडी आदळली की खपलीसारखी अख्खी सुटून हातात येते.

कारण असं. ह्या टाक्या सहसा एचडीपीई (पॉलिथिनचाच, म्हणजे पीईचाच एक कडक प्रकार) किंवा पीपी ह्या दोन प्लॅस्टिकच्या असतात. दोन्हींचा पृष्ठभाग मेणचट. पाण्याचा थेंब त्यावर पसरत नाही, गोळा होऊन बसतो, तसंच गोंदाचंही होतं. चिकटायचं तर गोंद आधी पसरायला हवा. इपॉक्सी, झटपट चिकटणारा गोंद, सिलिकॉन, सगळ्यांची इथे हीच गत. ह्या प्लॅस्टिकसाठी खास प्रायमरसकट येणारे गोंद असतात, पण आपल्या नाक्यावरच्या दुकानात ते मिळतील ह्या भरवशावर राहू नका. टाकीला खरा इलाज एकच, वितळवून सांधणं.

कुठलं प्लॅस्टिक आहे ते टाकीवरच छापलेलं असतं, बहुधा तळाला किंवा मागच्या बाजूला, बाणांच्या खुणांमधे. तिथे 'पीई' दिसलं तर पॉलिथिन, 'पीपी' दिसलं तर पॉलिप्रॉपिलिन. अक्षरं पुसली असतील तर ब्लेडने एक बारीक कपची काढून पाण्यात टाका. दोन्ही पाण्यावर तरंगतात. बुडाली तर ते वेगळंच काही आहे, एबीएस किंवा नायलॉन, आणि मग हा सल्ला त्याला लागू नाही.

सांगलीकर

काका, रागावायचं काय त्यात. पण माझी पुट्टी दोन पावसाळे टिकलीय की.

पॉलिमरकाका

तडा टाकीच्या अगदी वरच्या अंगाला असेल आणि तुम्ही टाकी निम्मीच भरत असाल, तर कशानेही टिकेल!

सांगलीकर

निम्मीच भरतो. पुढचं बोला.

बर्फातला_मराठी

टोरांटोहून. इकडे टाकी फुटण्याचं कारण निराळंच. उन्हाळ्यात कोणी साधं पाणी भरून ठेवतं, ते काढायचं राहतं, आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत गोठून टाकी किंवा मोटर तडकते. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, त्याला जागा मिळाली नाही की प्लॅस्टिक हार मानतं. म्हणून इथे निळ्या रंगाचं, उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारं मिथेनॉलचं द्रावण सर्रास वापरतात.

पॉलिमरकाकांच्या सल्ल्याला एक जोड. टाकीत कधी असं अल्कोहोलचं द्रावण भरलेलं असेल तर गरम काही जवळ नेण्याआधी टाकी भरपूर पाण्याने खंगाळून, वाळवून घ्या. वाफ पेट घेते. आणि मिथेनॉल विषारी आहे, नळीने तोंडाने ओढून टाकी रिकामी करायचा प्रकार तर अजिबात नको. युरोपीय संघाने २०१९ पासून सर्वसामान्य ग्राहकांना विकायच्या वॉशर द्रावणात मिथेनॉल ०.६ टक्क्याच्या खालीच ठेवायचं बंधन घातलंय ते उगाच नाही.

शंकासुर

आमच्याकडे नळाचं पाणी आणि शाम्पूचे चार थेंब. पेटायचं भय नाही.

घाटमाथा

सर्वांचे आभार. नट_बोल्ट, तुम्ही सांगितलं तसं केलं. मोजून भरलं. पाणी जवळजवळ तळापर्यंत गेलं, थोडंसंच उरलं. पण पुठ्ठ्यावर दोन डाग आहेत. एक मोठा, एक त्यापासून वीतभर पुढे, लहान. म्हणजे दोन ठिकाणी?

नट_बोल्ट

असं दिसतंय खरं. मोठा डाग रबराचा धरून चालू. लहान डागाचं टाकी बाहेर काढल्यावर कळेल. आता खोलायचं कसं ते.

टाकी डावीकडे चाकाच्या पुढे आहे ना? स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा, म्हणजे डाव्या चाकाची पुढची कड आत जाते आणि हात घालायला जागा होते. चाकावरच्या कमानीत काळं प्लॅस्टिकचं अस्तर असतं, ते क्लिपांनी आणि काही स्क्रूंनी धरलेलं असतं. क्लिपचं मधलं बटण चपट्या पेचकसाने उचलायचं, मग अख्खी क्लिप बाहेर. जुन्या क्लिपा कडक होऊन मोडतात, त्या मोडणारच. नव्या मूठभर आणून ठेवा. अस्तर पूर्ण काढायची गरज नसते, पुढचा अर्धा भाग सोडवून मागे दुमडला तरी भागतं. काही गाड्यांत मात्र बंपर सैल केल्याशिवाय टाकी निघत नाही.

चाक काढावं लागलं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. स्टँड लावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना मागे-पुढे दगड लावा, आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्यावर नाही.

खाली बादली ठेवा. मोटरची वायर सोडवा, नळी काढा, मग मोटर हलकेच डावी-उजवी हलवत सरळ ओढा. रबरात नुसती दाबून बसवलेली असते, स्क्रू नसतो. निघाली की उरलेलं पाणी भसकन येतं.

रबर हातात घेऊन दाबून बघा. नवं रबर मऊ आणि लवचिक असतं. तुमचं बहुधा कडक झालेलं असेल, आतल्या ओठाला बारीक चिरा दिसतील. मोटर ओली झालीय का तेही बघा. मोटरच्याच अंगातून, म्हणजे तिच्या दोन भागांच्या सांध्यातून पाणी येत असेल तर ती बदलायची, तिला सांधत बसू नका.

नवं रबर बसवताना तेल-ग्रीस लावायचं नाही, त्याने ह्या जातीचं रबर फुगतं आणि सैल पडतं. साबणाचं पाणी लावा, सरकन बसेल.

घाटमाथा

रबर सुटं मिळतं का? गॅरेजवाला म्हणाला सेटच येतो.

नट_बोल्ट

बऱ्याच मोटरींबरोबर रबर येतं, पण सुटंही मिळतं. तुम्ही पुण्यात आहात ना? नाना पेठेत जा, जुनं रबर खिशात घालून. मॉडेलचं नाव सांगत बसू नका. रबर काउंटरवर ठेवा, "हे द्या" म्हणा. बाहेरचा व्यास टाकीच्या भोकाला आणि आतला मोटरच्या तोंडाला जुळला की झालं, गाडी कुठली का असेना. मुंबईकरांसाठी ऑपेरा हाऊसचा बाजार आहे, आणि अख्खी टाकीच हवी असेल तर कुर्ल्याचं भंगार.

पॉलिमरकाका

भंगारातली टाकी घेताना एक बघा. उन्हात पडलेल्या टाकीचं प्लॅस्टिक खडूसारखं झालेलं असतं. अंगठ्याने दाबली की करकरते. ती घेऊ नका, तुमची तडा गेलेली टाकी तिच्यापेक्षा चांगली.

घाटमाथा

काल दुपारी खोललं. रबर अगदी तुम्ही म्हणालात तसं, नखाने टोचलं तर तुकडा पडला. नाना पेठेत मिळालं, चहा-भज्यांच्या पैशात. नवं बसवून टाकी बादलीवर धरून भरली. रबर कोरडं ठाक. पण टाकीचा जो कान बोल्टने बॉडीला आवळलेला असतो, त्याच्या मुळाशी केसासारखी रेघ आहे आणि तिथून घाम आल्यासारखं पाणी झिरपतंय. तळाला 'पीई' अशी अक्षरं आहेत. बोल्ट ढिला होता, हाताने फिरला.

पॉलिमरकाका

बोल्ट ढिला होता हेच कारण. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन लिटरची टाकी भरली की तीन किलो वजन त्या दोन-तीन कानांवर लोंबतं, आणि खड्ड्यात गाडी आदळली की ते अनेक पटींनी ओढ देतं. कान घट्ट असतील तर ओढ वाटली जाते. एक ढिला झाला की सगळा हिसका दुसऱ्याच्या मुळाशी.

सांधायची रीत सांगतो. घाई करू नका, सोल्डरिंग गनवर जमतं.

टाकी धुऊन आतून-बाहेरून पूर्ण वाळवा. तड्याची दोन्ही टोकं नीट शोधा, भिंग घ्या हवं तर. प्रत्येक टोकाच्या जरा पुढे २ ते ३ मिलिमीटरचं भोक पाडा. सांधायच्या वस्तूला आणखी भोकं कशाला, असं वाटेल. पण तड्याचं टोक धारदार असतं आणि सगळा ताण तिथेच एकवटतो. गोल भोकाने तो पसरतो आणि तडा पुढे सरकायचा थांबतो. ही भोकंही नंतर भरून घ्यायची आहेतच.

मग तड्यावर गरम टोकाने इंग्रजी व्ही-आकाराची खाच करा, भिंतीच्या निम्म्याहून थोडी जास्त खोल. आरपार नको.

भरायला त्याच जातीचं प्लॅस्टिक हवं. पीईला पीई, पीपीला पीपी. एकमेकांत ती मिसळत नाहीत, वर नुसता थर बसतो आणि उचकटतो. तुमची पीई आहे म्हणजे सोपं आहे: इंजिन ऑइलचा रिकामा कॅन घ्या, तळाला त्रिकोणात २ आकडा असेल तर ते एचडीपीई. तेलाचा अंश राहिला तर सांधा धरणार नाही, म्हणून भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवा. त्याच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. (५ आकडा असेल तर तो पीपी, जेवणाच्या डब्यांवर दिसतो तो.)

एचडीपीई साधारण १३० अंशांला वितळतं. सोल्डरिंग गन त्याहून कितीतरी गरम असते, त्यामुळे एका जागी टेकवून ठेवू नका. धूर यायला लागला किंवा प्लॅस्टिक तपकिरी झालं की ते जळलं, तेवढं खरवडून काढा. खाचेच्या दोन्ही कडा आणि पट्टी एकाच वेळी मऊ झाली पाहिजे. कडा थंड आणि पट्टी वितळलेली, असं झालं तर ते वेल्डिंग नव्हे, मेणबत्ती गळल्यासारखा नुसता ओघळ. शेवटी सांध्यावर बोटभर रुंद पट्टा फिरवून आजूबाजूला मिसळून टाका. स्टीलची बारीक जाळी मिळाली तर तापवून वरून रुतवा आणि तिच्यावर पुन्हा प्लॅस्टिक. कानाच्या मुळाशी ती हवीच, कारण तिथे प्रश्न पाण्याच्या दाबाचा नाही. फूटभर उंच पाण्याचा दाब असतो केवढा? प्रश्न हिसक्यांचा आहे.

खिडक्या उघड्या ठेवा आणि गाडीवर बसवलेल्या टाकीवर हे करू नका. शेजारी वायरी असतात.

सांगलीकर

काका, मानलं. आमच्या कोल्हापूर रोडला बंपर सांधणारा एकजण बसतो, गरम हवेची गन घेऊन. खुर्च्या, बादल्या, बंपर, सगळं जोडतो. ज्याला घरी जमणार नाही त्यानं असा माणूस गाठावा. फक्त टाकी काढून न्यायची.

पॉलिमरकाका

उत्तम. फक्त त्याला पट्टी कुठली वापरतोस ते विचारा. बंपरच्या पट्ट्या बहुतेक पीपीच्या असतात, त्या ह्या टाकीला उपयोगाच्या नाहीत. ऑइलच्या कॅनच्या पट्ट्या तुम्हीच कापून न्या.

घाटमाथा

झालं. पहिला थर थोडा करपला, खरवडून परत घातला. जाळी म्हणून जुन्या चहाच्या गाळणीचा तुकडा वापरला (घरात विचारून). टाकी भरून रात्रभर मोरीत पुठ्ठ्यावर ठेवली, पुठ्ठा कोरडा. मग गाडीला बसवली. कानाखाली रबरी वॉशर टाकलेत, बोल्टला स्प्रिंग वॉशर. ताम्हिणीची एक फेरी झाली, पातळी जागच्या जागी.

मोटरच्या तोंडाशी बारीक जाळी होती, तिच्यात हिरवट लगदा अडकला होता. टूथब्रशने काढला. फवारा आता पूर्वीपेक्षा जोरात उडतो.

नट_बोल्ट

शाब्बास. तो लगदा म्हणजे शेवाळ. साधं पाणी महिनोन्महिने साचून राहिलं की होतं. बोअरचं पाणी तर घालूच नका, क्षाराने नोझल चोंदतात आणि काचेवर पांढरे ठिपके उरतात. आणि कपडे धुवायची पावडर कोणी घालत असेल तर थांबवा. न विरघळलेले कण जाळीत बसतात आणि फेस काचेवरून बॉनेटवर ओघळून वाळतो. वॉशरचं तयार द्रावण स्वस्त असतं. नाहीतर आरओचं पिण्याचं पाणी आणि शाम्पूचे मोजके थेंब. टाकी रिकामी असताना खटका ओढून धरू नका, ह्या मोटरी पाण्याशिवाय फिरल्या की जळतात.

बर्फातला_मराठी

साध्या पाण्याबद्दल आणखी एक. ब्रिटनमध्ये २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वॉशरमध्ये द्रावण न घालता नुसतं पाणी वापरणं आणि लिजनेला जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया यांचा संबंध त्यात दिसला होता. कोमट, साचलेलं पाणी आणि त्याचा बारीक फवारा, जिवाणूंना आणखी काय हवं. घाबरवायला नाही सांगत, पण द्रावणाची बाटली काही महाग नसते.

शंकासुर

बापरे. नळाच्या पाण्याचं माझं वाक्य मागे घेतो.

आता माझा प्रश्न. मागच्या काचेलाही फवारा असलेली गाडी आहे. मागच्या महिन्यात एका ठिकाणी मोटर काढून साफ करून घेतली. तेव्हापासून पुढचा खटका ओढला की मागच्या काचेवर पाणी, आणि मागचा दाबला की पुढे. वायरिंग गेलं म्हणतात, मोठं काम सांगितलंय.

नट_बोल्ट

थांबा, पैसे देऊ नका. तुमच्या मोटरला नळीची तोंडं एक की दोन?

शंकासुर

दोन. शेजारी शेजारी.

नट_बोल्ट

मग अशा गाडीत मोटर एकच असते. एका दिशेने फिरली की पाणी पुढे, वायरींची धन-ऋण बाजू उलटली की उलटी फिरते आणि पाणी मागे. कुठल्या तोंडातून पाणी निघेल ते फिरण्याच्या दिशेवर ठरतं. बसवताना दोन नळ्यांची अदलाबदल झाली असणार. दोन्ही नळ्या काढा, उलट्या लावा. वायरिंगला हात लावू नका.

शंकासुर

आत्ताच पार्किंगमध्ये जाऊन आलो. उलट्याच होत्या. अंगावरचा शर्ट ओला झाला, पण पुढचं पाणी पुढे उडतंय.